फोनात चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत

शेती व आरोग्य : घरातील वडीलधारी माणसे आणि नवी साधने



रोवणी आटोपली की आपल्या बालाघाट जिल्ह्यातील गावे एकदम शांत होतात. बांध्यांत पाणी भरलेले असते, धान हिरवेगार दिसते, आणि घरात मात्र म्हातारी माणसे व लहान पोरे तेवढी उरतात. कर्ती मुले रोवणीपुरती येतात आणि पुन्हा नागपूर, रायपूर, हैदराबादची वाट धरतात. कोणी बांधकामावर असतो, कोणी कारखान्यात, कोणी मोठ्या दवाखान्यात नर्स असते. २०२० च्या टाळेबंदीत आपली माणसे शेकडो किलोमीटर पायी चालत परत आली. आपल्या किती घरांची मिळकत गावाबाहेर आहे, हे तेव्हा सर्वांच्याच डोळ्यांपुढे आले.

मुले बाहेर गेली म्हणून आईबापांना विसरली, असे म्हणणे बरोबर नाही. बहुतेक मुले रोज फोन करतात, पैसे पाठवतात, सुट्टीत येताना बीपी तपासण्याचे यंत्र घेऊन येतात. तरीही काही घरी फार मोठी चूक होते. ती कशी होते आणि कशी टाळावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

एका घरची गोष्ट

वारासिवनीकडच्या एका गावी आम्ही एका बाईंच्या घरी गेलो होतो. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा हैदराबादला. त्याने आईला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता आणि रोज रात्री आठ वाजता तो तिचा चेहरा पाहून बोलत असे. आम्ही बसलो असतानाच त्याचा फोन आला.

"कशी आहेस माय?"

"बरी आहो बापू. तू जेवला का?"

दोघे पाच मिनिटे बोलले. बाई हसत होत्या. फोन ठेवल्यावर त्या खाटेवरून उठायला गेल्या, आणि आमचे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजलेले होते. बोटाने दाबले तर खळगा पडत होता आणि तो लवकर भरून येत नव्हता.

विचारपूस केल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. बीपीच्या गोळ्या संपून दोन महिने झाले होते. "पोरगा आधीच कर्जात आहे, त्याला कशाला सांगू," म्हणून त्यांनी सांगितले नाही. रोवणीत गुडघे दुखू लागले, तेव्हा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि दिवसाला दोन-दोन घेतल्या. बीपीचे यंत्र होते, पण ते बिघडेल या भीतीने लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवले होते. ते काढून आम्ही बीपी मोजले. आकडा इतका वाढलेला होता की त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले.

तेथे कळले की बीपी वाढलेले राहिल्याने आणि दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा झाली आहे. बाई घरी परतल्या, हिंडू-फिरू लागल्या. पण मूत्रपिंडाची जी इजा झाली ती पूर्ण भरून आली नाही. आता त्यांना जन्मभर पथ्य आणि तपासणी आहे. मुलगा आम्हाला म्हणाला, "मी तर रोज पाहत होतो हो!" तो खोटे बोलत नव्हता. तो रोज पाहत होता, पण फोनात चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत.

काळ कसा बदलला

पूर्वी परगावी गेलेल्या मुलाची खबर पोस्टकार्डाने येई आणि पैसे मनिऑर्डरने. तार आली की घरात रडारड सुरू होई, कारण तार बहुधा वाईट बातमीची असे. पुढे गावोगावी एसटीडीची पिवळी पाटी लागली. १९९५ साली भारतात मोबाईल आला आणि २०१३ च्या जुलैत तारेची सेवा कायमची बंद झाली. आज डोंगराळ बैहर भागातही पुष्कळ ठिकाणी फोन लागतो.

दुसरा बदलही लक्षात घ्यावा. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेबरोबर २०२३ साली एक अहवाल काढला. त्यानुसार २०५० पर्यंत भारतातील दर पाच माणसांत एक साठीच्या पुढचा असेल. म्हणजे म्हातारी माणसे वाढत आहेत आणि त्यांच्याजवळ राहणारी तरुण माणसे कमी होत आहेत. ही कोण्या एका घराची नालायकी नाही. घरोघरी मातीच्या चुली. तेव्हा एकमेकांना नावे ठेवण्यापेक्षा हातात असलेली साधने नीट वापरायला शिकणे बरे.

यंत्राचे काम कोणते, माणसाचे कोणते

हा फरक समजला की निम्मे काम झाले. यंत्र आकडा सांगते, वेळेची आठवण देते आणि लांबच्याला जवळ बोलावते. पण यंत्र स्वतःहून पेटीतून बाहेर येत नाही, गोळ्या संपल्या तर आणून देत नाही, आणि म्हातारीने खोटेच "बरी आहो" म्हटले तर ते ओळखत नाही. म्हणून घरात कोणतेही यंत्र आणताना तीन प्रश्न विचारावेत. हे रोज चालवणार कोण? आकडा पाहून निर्णय घेणार कोण? आणि निर्णय झाल्यावर धावपळ करणार कोण? या तिन्ही प्रश्नांना नाव घेऊन उत्तर मिळत नसेल, तर यंत्राचे पैसे वाया गेले असे समजावे.

पुष्कळ घरी मुलगा यंत्र पाठवतो आणि ते चालवण्याचे काम न विचारता सुनेवर पडते. तिला शेत आहे, गुरे आहेत, पोरे आहेत. ती थकते आणि बोलणी मात्र तिलाच बसतात. बाहेर असलेल्या भावाबहिणींनी आपली कामे वाटून घ्यावीत. एकाने औषधांचा हिशेब ठेवावा, एकाने डॉक्टरांची तारीख सांभाळावी, एकाने कागदपत्रे पाहावीत. आणि वर्षातून काही दिवस स्वतः येऊन सुनेला मोकळे करावे.

घरात ठेवण्याजोगी साधने

बीपीचे यंत्र. दंडाला पट्टा बांधायचे, आपोआप चालणारे यंत्र घ्यावे. मनगटाचे यंत्र तितके भरवशाचे नसते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी घेऊ नये. लघवी करून यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला असावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी मोजलेले बीपी वारंवार १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. १८०/१२० किंवा त्याहून जास्त आले आणि छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बीपी उतरले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ते गोळीमुळेच उतरलेले असते.

साखर तपासण्याचे यंत्र. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्याच घरी याची गरज आहे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे, पावसाळ्यात ओल लागून पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. म्हाताऱ्या माणसात वाढलेल्या साखरेइतकीच उतरलेली साखर घातक असते. गोळी घेतली पण जेवण राहून गेले, असे झाले की घाम सुटतो, हात कापतात, माणूस भलतेच बोलू लागतो. साखर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असला, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी आणि मग जेवायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, रुग्णवाहिका बोलवावी.

ऑक्सिमीटर. कोरोनाच्या साथीत हे चिमट्यासारखे यंत्र घरोघरी आले आणि नंतर फडताळात पडून राहिले. दमा किंवा छातीचे दुखणे असलेल्यांना ते आजही उपयोगी आहे. बोट थंड असेल, त्यावर मेंदी वा नखरंग असेल तर आकडा चुकतो. साधारणपणे ९५ च्या वर आकडा ठीक समजतात. ९० च्या खाली गेला तर रुग्णालयात न्यावे. जुना फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आपला नेहमीचा आकडा किती असावा हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावे.

गोळ्यांची डबी. सात वारांचे सात खण असलेली ही डबी थोड्या पैशांत मिळते, आणि आमच्या मते सर्व साधनांत हिचा उपयोग सर्वांत जास्त आहे. रविवारी आठवड्याच्या गोळ्या भराव्यात. बुधवारी पाहावे, मंगळवारचा खण भरलेलाच असेल तर गोळी चुकली हे एका नजरेत कळते. भरतानाच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या आहेत का तेही पाहावे. वर सांगितलेल्या घरी अशी डबी असती, तर गोळ्या संपल्याचे दोन महिने लपले नसते.

कान, डोळे, काठी. आजोबा उत्तर देत नाहीत म्हणजे ते हट्टी झाले असे नाही, त्यांना ऐकूच येत नसेल. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे टाकतो आणि घरात एकटा पडतो. बहिरेपणाकडे दुर्लक्ष केल्यास पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे आता वैद्यकशास्त्र सांगते. कानाचे यंत्र तज्ज्ञाकडून कान तपासूनच घ्यावे. पहिले काही आठवडे सर्व आवाज कर्कश वाटतात, तेव्हा रोज थोडा थोडा वेळ लावून सवय करावी. रात्री ते कोरड्या डबीत ठेवावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत मोफत होते, ती लांबवू नये. दिसत नाही म्हणून माणूस पडतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे पुष्कळदा कायमचे अंथरूण धरणे. खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा, न्हाणीत धरायला मजबूत दांडी बसवावी, ओला शेवाळलेला दगड काढावा. एवढे केले तर कितीतरी हाडे मोडायची वाचतील.

फोनवर काय पाहावे

आईवडिलांच्या फोनचा आवाज मोठा करावा, अक्षरे मोठी करावीत. मुलामुलींचे नंबर फोटोसह वरच ठेवावेत. ज्यांना मोठा पडदा जमत नाही त्यांच्याकडून जबरीने शिकवून घेऊ नये. ठळक बटणांचा साधा फोन त्यांना पुष्कळ. तातडीचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर चिकटवावेत, कारण घाबरलेल्या माणसाला फोनातला नंबर सापडत नाही.

"कशी आहेस?" या प्रश्नाला आपल्याकडे "बरी आहे" हेच उत्तर असते. तो शिष्टाचार आहे, प्रकृतीची खबर नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बाहेरच्या मुलांनी असे पाहावे आणि विचारावे :

१. "माय, फोन खाली धर, पाय दाखव." सूज, जखम, काळवंडलेले बोट दिसते का ते पाहावे. मधुमेह असेल तर तळवेही पाहावेत.

२. "गोळ्यांची डबी दाखव." किती उरल्या ते मोजावे.

३. "बीपीची वही दाखव." सगळे आकडे अगदी सारखेच असतील तर न मोजता लिहिले आहेत असे समजावे. रागावू नये, कारण विचारावे.

४. "आज काय शिजवले?" रोज चटणी-भात असे उत्तर येत असेल तर दात दुखतात, चव गेली, की सामान संपले, हे शोधावे.

५. "उठून दारापर्यंत चालून दाखव." खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात का, तोल जातो का, ते दिसते.

६. "दुकानातून कोणती गोळी आणलीस?" दुखण्याच्या कित्येक गोळ्यांनी बीपी वाढते, अंगात पाणी साठते आणि मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या रोज घेऊ नयेत.

७. "शेवटी घराबाहेर कधी गेली होतीस?" बाजार नाही, शेजार नाही, देवळात वा चर्चला नाही, असे महिने गेले तर तेही एक दुखणेच समजावे.

ही उलटतपासणी होऊ नये याची काळजी घ्यावी. आधी घरच्या गप्पा कराव्यात, नातवंडांना बोलू द्यावे, मग हे हळूच विचारावे. आणि आपल्याही अडचणी त्यांना सांगाव्यात. ज्याला आपले दुःख सांगितले जाते, तोच आपलेही सांगतो.

शेतावरील साधने

आपल्याकडे म्हातारा शेतकरी घरी बसत नाही, आणि त्याला बसवूही नये. काम सुटले की माणूस खचतो. पण कामातला धोका कमी करता येतो. कृषिपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते आणि साठ-सत्तर वर्षांचा माणूस अंधारात बांधावरून मोटार सुरू करायला जातो. त्यासाठी मोबाईलवर चालणारा स्टार्टर मिळतो. त्यात सिमकार्ड असते. घरून फोन केला की मोटार सुरू होते, पुन्हा केला की बंद होते. विहिरीचे पाणी संपल्यावर किंवा एखादी फेज गेल्यावर मोटार आपोआप थांबेल असाच स्टार्टर घ्यावा. तो जाणकार वायरमनकडूनच बसवावा आणि अर्थिंग पक्के करून घ्यावे. एका रात्रीचा चिखल, साप आणि विजेचा धक्का, तिन्ही यामुळे टळतात.

तरी जावेच लागले तर हातात चांगली बॅटरी, पायात बूट आणि काठी असावी. मण्यार साप रात्री घरातही शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी खाटेवर, चारी बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. मलेरियाच्या भागात तर ती दुहेरी कामाची आहे. सर्पदंश झाल्यास झाडफुंकीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

वाकून निंदण काढण्याऐवजी बांधीत उभ्याने ढकलायचे कोळपे वापरले तर कंबर वाचते. मात्र त्याला ओळीतली रोवणी लागते, तेव्हा पऱ्हे लावतानाच हा विचार करावा. चुलीचा धूर हा आपल्या मायबहिणींच्या खोकल्याचे मोठे कारण आहे. घरात गॅस असून तो पाहुण्यांसाठी जपून ठेवणे ही काटकसर नव्हे. निदान खोकला असलेल्या म्हातारीला चुलीपुढे बसवू नये.

अंगठा आणि ठग

जन्मभर धान रोवून आणि खुर्पे धरून बोटांच्या रेषा झिजतात. मग बँकमित्राकडे यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि म्हातारा चार वेळा हेलपाटा घालतो. अशा वेळी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. डोळ्यांच्या बुबुळाने वा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोयही आता पुष्कळ कामांत आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी हयातीचा दाखला २०१४ पासून आधारवर देता येतो आणि २०२१ पासून तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पोस्टमनही घरी येऊन हे काम करू शकतो, पोस्टात चौकशी करावी. अंगठा लावला की पावती घ्यावी आणि घरच्या शिकलेल्या पोराकडून आकडा वाचून घ्यावा. विनाकारण दुसऱ्यांदा अंगठा लावायला सांगितले तर कारण विचारावे.

फोन आला तसे ठगही आले. "तुमचा मुलगा पोलिसांनी पकडला आहे, पैसे पाठवा," "तुमचे खाते बंद होणार, आलेला आकडा सांगा," "तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे, कोणाला सांगू नका," असे ते सांगतात. लक्षात ठेवावे, फोनवर अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा आणि लगेच मुलाला लावावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. पैसे मागणाऱ्याला तो शब्द विचारावा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या नंबरावर तत्काळ कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे थांबण्याची आशा जास्त. घरच्यांनी म्हाताऱ्या माणसाला "तुला अक्कल नाही" असे म्हणू नये. शिकलेल्या साहेबांनाही हे ठग फसवतात.

जपानची किटली आणि आपला शेजार

जपानात म्हातारी माणसे फार आणि एकटी राहणारीही फार. तेथील झोजिरुशी कंपनीने २००१ साली चहाचे पाणी तापवण्याची एक विजेची किटली काढली. म्हातारीने सकाळी पाणी घेतले की दूरच्या मुलीला निरोप जातो. निरोप आला नाही तर मुलगी फोन करते. म्हातारीवर पाळत नाही, आणि ती एकटीही नाही.

ही गोष्ट वाचताना आम्हाला आपलेच गाव आठवले. अमक्याच्या घरातून सकाळी धूर निघाला नाही, सपरीचे दार उघडले नाही, तर शेजारीण येऊन हाक मारते. तेच काम तेथे किटली करते. आपल्याकडे शेजार अजून आहे, त्याला फक्त नेमून द्यावे. बाहेरच्या मुलांनी एका शेजाऱ्याशी स्पष्ट बोलावे : "भाऊ, रोज सकाळी एक नजर टाका. दार उघडले नाही तर मला फोन करा." त्याचा नंबर आपल्याकडे असावा, आपला त्याच्याकडे. किल्ली कोठे असते तेही त्याला ठाऊक असावे. गावी आल्यावर त्याच्या घरी आधी जावे.

काही मुले घरात कॅमेरा लावतात. स्मृतिभ्रंशाने भटकणाऱ्या माणसासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. पण आईवडिलांना न विचारता लावू नये आणि निजण्या-न्हाण्याच्या जागी तर कधीच लावू नये. ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांना आपल्याच घरात चोरासारखे वाटू नये. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण असे म्हणतात, पण म्हातारा माणूस मूल नसतो. त्याचा निर्णय त्याला विचारूनच घ्यावा.

सोयी ठाऊक असाव्यात

सत्तर वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. त्यासाठी आधारवरून वय वंदना कार्ड काढावे लागते. ते आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे. कोणते रुग्णालय या योजनेत आहे तेही आधीच विचारावे.

'ई-संजीवनी' या सरकारी सेवेत डॉक्टरांचा सल्ला मोबाईलवर मोफत मिळतो. फोन जमत नसेल तर गावच्या उपकेंद्रात जावे, तेथील कर्मचारी डॉक्टरांशी बोलणे करून देतात. जुन्या दुखण्याच्या सल्ल्यासाठी ही सेवा चांगली. मात्र तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे जड होणे ही लकव्याची लक्षणे दिसली तर फोनवर सल्ला विचारत बसू नये. मेंदूतली गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. अशी सोय आपल्याला जवळ कोठे आहे, हे आजच विचारून भिंतीवरच्या कागदावर लिहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, कानाचे यंत्र, चष्मा, कवळी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मोफत मिळू शकते. त्याची शिबिरे भरतात, पंचायतीत चौकशी करावी. १४५६७ हा ज्येष्ठांसाठी मदतीचा नंबर आहे, तो सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. आणि मुले पोसत नसतील तर २००७ च्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना एसडीएमकडे पोटगी मागता येते. तशी वेळ कोणावर न येवो.

वडीलधाऱ्यांना दोन शब्द

आता आम्ही आपल्या वयस्क वाचकांशी बोलतो. माय, बाबा, मुलाला त्रास नको म्हणून तुम्ही दुखणे लपवता. तुमच्या मनात माया आहे हे आम्ही जाणतो. पण हिशेब करून पाहा. महिन्याच्या गोळ्यांचे पैसे वाचवले आणि दुखणे वाढले, तर मुलाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, कर्ज वाढते. लपवलेले दुखणे मुलाला महाग पडते, वेळीच सांगितलेले स्वस्त पडते. आणि यंत्र बिघडेल म्हणून पेटीत ठेवू नका. वापरून बिघडले तर दुसरे आणता येईल.

ज्या बाईंची गोष्ट आम्ही सांगितली, त्यांच्या घरी आम्ही पुन्हा गेलो होतो. बीपीचे यंत्र आता सपरीतल्या कोनाड्यात असते. शेजारची शाळकरी मुलगी सकाळी येऊन बीपी मोजते, वहीत लिहिते आणि फोटो हैदराबादला पाठवते. त्याबद्दल बाई तिला कहाण्या सांगतात. रात्री आठला फोन आला. मुलगा म्हणाला, "माय, पाय दाखव." बाईंनी लाजत फोन खाली धरला. मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात चार दिवस येतो, डॉक्टरांकडे मीच नेईन. फोन ठेवल्यावर बाई किती तरी वेळ तारीख मोजत बसल्या होत्या.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्या आज किती उरल्या आहेत? हे घरात नक्की कोणाला ठाऊक आहे?

२. रात्री दोन वाजता कोणी आजारी पडले तर पहिला फोन कोणाला? तो नंबर भिंतीवर लिहिला आहे का?

३. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कोण आहे? उद्या सकाळी त्यांचे दार उघडले की नाही हे कोण पाहील?